दाजींचं हिमसेल्फ

...नाही पण मला एक सांगा, माणूस आंघोळ करतो म्हणजे कुणाची करतो? स्वतःचीच ना? का शेजाऱ्याची करून येतो? आपण कधी म्हणतो का, की आज सकाळी उठलो आणि स्वतःला आंघोळ घातली? म्हशीला घालतात, तान्ह्या पोराला घालतात, स्वतःला कोण घालतं? पण त्या फॉर्मवर तसंच छापलेलं होतं, पहिलाच प्रश्न, कॅन ही वॉश हिमसेल्फ? त्याच्याखाली, कॅन ही ड्रेस हिमसेल्फ? त्याच्याखाली, कॅन ही फीड हिमसेल्फ? असे ओळीनं बारा प्रश्न, आणि प्रत्येकाच्या शेपटाला एकेक हिमसेल्फ, शाळेच्या मैदानावर कवायतीला पोरं उभी केल्यासारखे. आणि त्या बारा पोरांवर माझ्या दाजींचं घरी येणं अडकलेलं. बारापैकी दहा जमले तर शनिवारी घरी. नाही जमले तर गावाबाहेरच्या शुश्रूषाकेंद्रात तीन महिने, आणि तिथं बायकोनं भेटायचं फक्त रविवारी, दोन ते चार.

तुम्हाला सांगतो, इंग्रजी भाषेला मानलं आपण. माणसाला घरी सोडायचं की नाही, हे एका शब्दावर ठरवते.

आता माझं इंग्रजी म्हणाल तर मी चौथीत शाळा सोडली. म्हणजे शाळेनंच मला सोडलं, हेडमास्तरांच्या खुर्चीला डिंक लावल्याचं निमित्त झालं. पुढं आयुष्यभर पाट्या रंगवल्या. इंग्रजी अक्षर असं काढतो की छापखानेवाल्यानं तोंडात बोट घालावं, फक्त अर्थ विचारायचा नाही. एका दवाखान्याच्या दोन दारांवर 'इन' आणि 'आऊट' रंगवायचं होतं, मी नेमकं उलटं रंगवलं, आठवडाभर बरी झालेली माणसं पुन्हा आत जात होती. पण अक्षर बघाल तर... जाऊ दे, दाजींचं सांगत होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा सलूनचा. दोन खुर्च्यांचं दुकान, एका खुर्चीवर दाजी, दुसरीवर त्यांचा भागीदार, म्हणून गिऱ्हाइकं दाजींना म्हणतात एक नंबर आणि भागीदाराला दोन नंबर. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात पैचा गैरव्यवहार केला नाही, पण नाव पडलं दोन नंबर. आणि या दोघांचा एक नेम आहे, तो नीट ऐका, कारण पुढं सगळं त्याच्यावरच येणार आहे. रोज सकाळी शटर अर्धं वर करायचं, आत शिरायचं, आणि गिऱ्हाईक यायच्या आत एकानं दुसऱ्याची दाढी करायची. आधी एक नंबर बसणार, दोन नंबर करणार. मग खुर्चीची अदलाबदल. एकेचाळीस वर्षं. मध्ये एकदा रेडिओवर कुठलं स्टेशन लावायचं यावरून दोघांचं असं बिनसलं की आठ महिने एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. पण दाढी चुकली नाही. तोंडं फुगलेली, डोळे मिटलेले, आणि गळ्यावर दुसऱ्याचा वस्तरा. मी एकदा विचारलं, "दाजी, भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "भांडण तोंडाशी आहे, हाताशी थोडंच आहे?"

मानलं आपण. म्हणजे या माणसानं एकेचाळीस वर्षं गावाच्या दाढ्या केल्या, पण स्वतःची एकदाही केली नाही.

आणि घरी? घरी तर त्याहून सोपं. चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. सकाळी दाजी हात वर करतात, ताई बनियन चढवते. हात खाली करतात, ताई शर्टाची बटणं लावते. पाय पुढं करतात, मोजे. ताटात वाढलेलं सुद्धा ती कालवून पुढं सरकवणार, हे नुसता घास उचलणार. बरं, माणूस आळशी म्हणावा तर दुकानात दहा-दहा तास उभा. एकदा मी ताईला म्हटलं, "अगं, घासही तूच चावत जा." तर मलाच म्हणाली, "कार्ट्या, तुझं कुणी करत नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतंय." आता मी सदुसष्ट वर्षांचा, आमच्या हिला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी बहिणीच्या लेखी मी कार्टाच. असो.

तर असे हे दाजी, एका सकाळी आरशाच्या वरची कड पुसायला म्हणून गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर चढले. खुर्ची फिरती. गेली एकेचाळीस वर्षं ती फिरते आहे, ते स्वतःच दिवसातून चाळीस वेळा फिरवतात, पण त्या दिवशी ते विसरले आणि खुर्ची विसरली नाही. डावा खुबा मोडला आणि उजवं मनगट. सात आठवडे हॉस्पिटल. खुब्यात स्क्रू, मनगटाला प्लास्टर, प्लास्टर निघाल्यावर चालायला चौपायी, म्हणजे ती धरून चालायची ॲल्युमिनियमची घोडी हो. आणि त्या सात आठवड्यांत दुकानात दोन नंबरनं काय केलं माहितीय? दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू दिला नाही. दाढी वाढवली. छातीपर्यंत. गिऱ्हाईक दारातून डोकवायचं आणि परत जायचं, म्हणायचं, ज्याला स्वतःची आवरता येत नाही तो माझी काय करणार? दोन नंबरचं उत्तर एकच, "एक नंबर आल्यावर करीन."

तर आता फॉर्म. वॉर्डात एक बाई यायच्या, कुठल्या तरी लांबच्या मुलखातून आलेल्या, उंच, पायात पांढरे बूट, गळ्यात घड्याळ. त्यांना आपली भाषा येत नाही, आपल्याला त्यांची. मी त्यांचं नाव ठेवलं फॉर्मवाल्या बाई. त्या रुग्णाकडून एकेक गोष्ट करवून घ्यायच्या, विचारायच्या आणि फॉर्मवर खूण करायच्या. पहिल्या खेपेला त्या येणार कळलं, आणि दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही इंग्रजी पाट्या रंगवता, मला काहीतरी सांगा."

आता इथं माझी चूक झाली, कबूल करतो. मी म्हटलं, "दाजी, डोक्याला ताप करून घेऊ नका. काहीही विचारलं तरी येस म्हणायचं. इंग्रजी माणसाला येस आवडतं."

बाई आल्या. विचारलं, "कॅन यू वॉश युवरसेल्फ?" दाजी म्हणाले, "येस." बाई हसल्या. मी मिशीला पीळ दिला. मग बाई म्हणाल्या, "ऑर डू यू नीड हेल्प?" दाजी म्हणाले, "येस." बाई थांबल्या. "डझ युवर वाइफ वॉश यू?" "येस." "ड्रेस यू?" "येस, येस." मग बाईंनी शर्ट पुढं ठेवला, म्हणाल्या घाला. दाजींनी सवयीनं दोन्ही हात वर केले. आणि ताईनं, काय सांगू तुम्हाला, ताईनं सवयीनं शर्ट चढवला, बटणं लावली, कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला आणि बाईंकडे बघून हसली, की बघा कसे दिसतात.

बारापैकी तीन. फॉर्मवाल्या बाई वाईट नव्हत्या हो, त्यांनी बिचाऱ्यांनी डोकं हलवलं आणि कॅलेंडरवर शुक्रवार दाखवला. एक बोट वर केलं. एक संधी. नंतर शुश्रूषाकेंद्राच्या घराचं चित्र असलेला कागद ताईच्या हातात दिला. ताईनं तो दोनदा घडी घालून पर्समध्ये ठेवला.

दाजींच्या शेजारच्या खाटेवर एक मास्तर होते. पाय वर टांगलेला, वजन लावलेलं, पंधरा दिवसांत हलले नाहीत, पण जीभ शाबूत. छत्तीस वर्षं इंग्रजीचं व्याकरण शिकवलेले. ते पडल्या पडल्या म्हणाले, "या येसनं घात केला तुमचा. कुणी शिकवलं?"

मी खिडकीबाहेर बघत होतो.

मग तुम्हाला सांगतो, सोमवार ते गुरुवार त्या वॉर्डात शाळा भरली. मास्तर पाय टांगून शिकवायचे. म्हणाले, "हे कॅन, मस्ट, शुड, मे म्हणजे कोण? साहेबाच्या पुढं चालणारे शिपाई. स्वतः काम करत नाहीत, साहेब करू शकतो, साहेबानं केलं पाहिजे, साहेबानं केलेलं बरं, एवढं ओरडतात. आणि शिपाई पुढं असला की मागचं क्रियापद कसं राहतं? ताठ. त्याला ना एस लागत, ना आयएनजी. आय कॅन वॉश. म्हणा."

दाजी म्हणाले, "आय कॅन वॉशिंग."

"ताठ, ताठ. वॉश."

"वॉश."

"कुणाला?"

"मी."

"मी नाही हो. करणाराही तोच आणि ज्याला करायचं तोही तोच, तर मायसेल्फ. आय कॅन वॉश मायसेल्फ. माझा मी."

दाजी म्हणाले, "मास्तर, करणारा आणि करून घेणारा एकच, असं आमच्याकडे कधी घडलंच नाही. घरी ही करते. दुकानात तो करतो."

सगळा वॉर्ड हसला. ताई हसली नाही. ती म्हणाली, "मास्तर, एक विचारू का? धडधाकट माणूस रोज सकाळी उठून आंघोळ करतो, कपडे घालतो, त्याला पण हे हिमसेल्फ लावतात का?"

मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं छत्तीस वर्षांत एकाही पोरानं हा प्रश्न विचारला नव्हता. म्हणाले, "नाही. त्याला नुसतं म्हणायचं, ही वॉशेस, ही ड्रेसेस. संपलं."

"मग यांनाच का?"

"कारण धडधाकट माणसाच्या आंघोळीत सांगण्यासारखं काय आहे? पण ज्याला ते जमणं अवघड आहे, आणि तरी जमलं, तिथं लावतात. तीन वर्षांच्या पोरीनं पहिल्यांदा फ्रॉक घातला, शी कॅन ड्रेस हरसेल्फ. नव्वदीच्या म्हाताऱ्याला अजून जमतंय, ही कॅन स्टिल ड्रेस हिमसेल्फ. हाड मोडलेल्याला, लावतात. बाकीच्यांना गरज नाही."

आता बघा, माझ्यासारखा चौथी नापास माणूस, उभ्या आयुष्यात इंग्रजीला मी रंगाच्या डब्यातला रंग समजलो, पण त्या क्षणी अंगावर काटा आला. म्हणजे हा शब्द नाहीच, बिल्ला आहे बिल्ला. ज्याला चालताच येतं त्याला कोण बिल्ला देतं? जो पडून उठला त्याच्याच छातीवर लावायचा. इतक्या लांबच्या, इतक्या थंड वाटणाऱ्या भाषेनं एक बिल्ला खास मोडक्या माणसासाठी राखून ठेवलाय. मानलं आपण.

मी घरी जाऊन पुठ्ठे कापले. बारा पुठ्ठ्यांवर बारा वाक्यं रंगवली, मास्तरांनी लिहून दिलेली, निळ्या अक्षरांना पिवळी सावली, मायसेल्फ तर असं काढलं की जसं मिठाईच्या दुकानाचं नाव. खाटेभोवती टांगली. आता एक पुठ्ठा उरला होता, आणि वॉर्डची मोठी सिस्टर मला बघितलं की रोज म्हणायची, "अंकल, यू मस्ट बिहेव्ह युवरसेल्फ." ते मी सुंदर रंगवलं आणि तिच्याच खुर्चीच्या पाठीला टांगलं. दिवसभर ते घेऊन बसली बिचारी. डॉक्टर येताजाता वाचायचे आणि खोकायचे. माझं वॉर्डात येणं एक दिवस बंद झालं, पण ते पुठ्ठ्याच्या मानानं स्वस्तात पडलं.

इंग्रजी होत होतं हो. बुधवारपर्यंत दाजी झोपेत सुद्धा "आय कॅन फीड मायसेल्फ" म्हणायला लागले. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. शर्ट पुढं ठेवायचा, दाजी डाव्या हातानं बटण धरायचे, उजवं मनगट थरथरायचं, बटण काजाच्या आसपास हिंडायचं, जसं वेंधळं गिऱ्हाईक पत्ता शोधत गल्लीत फिरतं, आणि ते दाराशी पोचणार एवढ्यात कुठून तरी ताईचा हात यायचा आणि टक, बटण लागलेलं. मास्तर ओरडायचे, "वहिनी!" ताई हात मागं घ्यायची, म्हणायची, "मी नाही केलं, हातानं केलं." चमचा उचलला, ताईचा हात. मोजा उचलला, ताईचा हात. मी तिच्या हातात लोकर आणि सुया दिल्या, तर तिनं एका हातानं विणलं आणि दुसऱ्यानं बटण लावलं.

गुरुवारी संध्याकाळी ती मला व्हरांड्यात घेऊन गेली. पर्समधून तो शुश्रूषाकेंद्राचा कागद काढला. म्हणाली, "कार्ट्या, खरं सांग. खुबा खुर्चीनं मोडला, पण यांना पांगळं मीच केलं का रे? चव्वेचाळीस वर्षं?"

मला आयुष्यात प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचतं. हेडमास्तरांना सुचलं, सिस्टरला सुचलं. तिथं मी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि पर्समध्ये परत ठेवला. म्हटलं, "ताई, उद्या फक्त एक तास. एक तास हात आवर."

"कसा आवरू?"

"हातांवर बस."

मी गमतीनं म्हणालो हो.

शुक्रवार. अकरा वाजता फॉर्मवाल्या बाई आल्या. पुठ्ठे बघून थबकल्या, एकेक वाचला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की अक्षर फार सुंदर आहे. मास्तरांनी मराठीत सांगितलं, नाहीतर मी कुठला समजतो. मग त्यांनी ताईला स्टूल दाखवलं, खाटेपासून चार हात लांब. आणि तुम्हाला सांगतो, माझी ताई त्या स्टुलावर बसली ती दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून. खरोखर. हातांवर बसली. बहात्तर वर्षांची बाई.

पहिला प्रश्न. कॅन यू वॉश युवरसेल्फ? "येस, आय कॅन वॉश मायसेल्फ," आणि करून दाखवलं, टबातलं पाणी, फडकं, मान, बगला, सगळं. खूण. सूपचा वाडगा आणला. कॅन यू फीड युवरसेल्फ? चमचा उचलला, अर्धं सूप हनुवटीवर गेलं, ताई स्टुलावर डुलली, पण हात बाहेर आले नाहीत. खूण. मोजे. एक उलटा गेला, पण गेला. खूण. मग शर्ट. आता सहा बटणं. पहिलं लागायला किती वेळ लागला? मी सांगतो, त्या वेळात मी एक 'ओ' पूर्ण रंगवला असता, सावलीसकट. दुसरं. तिसरं निसटलं. पुन्हा धरलं. निसटलं. वॉर्डातल्या चार खाटा उठून बसल्या होत्या, मास्तर सोडून, त्यांचा पाय टांगलेला. ताईच्या कपाळावर घाम. तिचे ओठ हलत होते, मला वाटलं देवाचं नाव घेतेय, जवळ जाऊन बघितलं तर म्हणत होती, "डावीकडून... डावीकडून घाला ना..." आवाज न करता. सहावं बटण लागलं आणि दाजींनी तिच्याकडे बघितलं. ती नुसती मान हलवून म्हणाली, "कॉलर वाकडी आहे." दाजींनी कॉलर स्वतः नीट केली.

मानलं आपण. परीक्षा दाजींची होती, पण पेपर तिनं दिला.

असे करत करत नऊ झाले. राहिले तीन. जिना. चौथ्या पायरीवर पाय लटपटला, बाईंनी फुली मारली. ठीक, आमचं घर तळमजल्यावर. मग उभं राहणं. कॅन यू स्टँड बाय युवरसेल्फ, चौपायी सोडून, दहा मिनिटं. दाजी उभे राहिले. एक मिनिट. दीड. दोन मिनिटांना हात आपोआप चौपायीवर गेला. फुली. म्हणजे आता राहिला एक प्रश्न आणि हवा होता एक मार्क. बाईंनी ट्रेमधून साबण, आरसा आणि प्लास्टिकचं एक निळं रेझर काढलं, आणि हसून म्हणाल्या, "दिस वन शुड बी ईझी फॉर यू." मास्तर म्हणाले, "त्या म्हणतात हा तुम्हाला सोपा." आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली, की अहो, एकेचाळीस वर्षं दाढ्या केलेला माणूस, याला दाढीचा प्रश्न.

"कॅन यू शेव्ह युवरसेल्फ?"

दाजींनी आरशात बघितलं. रेझर हातात घेतलं. गालापाशी नेलं. मग खाली ठेवलं, आणि अगदी स्वच्छ इंग्रजीत, शिपाई पुढं, क्रियापद ताठ, म्हणाले, "नो. आय कॅनॉट शेव्ह मायसेल्फ."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "दाजी, दोन हात मारा नुसते, कोण बघतंय?" तर म्हणाले, "मेव्हणे, मला येतच नाही. समोरच्याची करायची तर हात असा जातो, स्वतःची करायची तर उलटा. तो उलटा हात मी कधी शिकलोच नाही. खोटं कसं सांगू? बाकीच्या नऊमध्ये एक तरी खोटं होतं का?" आणि ताई बघा, जी इतका वेळ हातांवर बसलेली, तिनं पहिल्यांदा हात बाहेर काढले आणि तोंडावर ठेवले.

बाई फॉर्मवर पेन टेकवणार एवढ्यात भेटीची वेळ झाली आणि वॉर्डाच्या दारात दोन नंबर आला. सात आठवड्यांची दाढी, काखेत पेटी. ती पेटी कायम त्याच्या काखेतच असते, लग्नातही होती. त्यानं खाटेकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं, निळ्या प्लास्टिकच्या रेझरकडे तर असं बघितलं, जसं कुणी सोनाराला पत्र्याचं डूल दाखवावं. म्हणाला, "काय चाललंय, एक नंबर?"

दाजी म्हणाले, "नापास होतोय."

"कशात?"

"दाढीत."

दोन नंबर पुढं आला. ताईच्या शेजारचं स्टूल ओढलं, दाजींच्या पुढ्यात ठेवलं, त्यावर बसला, पेटी उघडून मांडीवर ठेवली आणि मान वर केली. डोळे मिटले. झालं. आता सांगा, एकेचाळीस वर्षांचा नेम, समोर मान वर झालेली, दाजी काय चौपायी शोधत बसणार? ते उठले. फॉर्मवाल्या बाई पुढं आल्या, वस्तरा बघून त्यांचा चेहरा पांढरा झाला, मास्तरांनी इंग्रजीत काहीतरी भराभर सांगितलं, आणि त्या हात आडवा धरायला म्हणून आल्या त्या तशाच थांबल्या. कारण दाजींनी कात्री धरली होती, आणि ते मनगट, जे बटणापाशी थरथरत होतं, ते थांबलं होतं.

आधी कात्री. छातीपर्यंतची दाढी फरशीवर पडली. मग ब्रश, फेस, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. मग वस्तरा. दाजी त्याच्याभोवती फिरले हो. डावीकडून उजवीकडे, मागं, पुढं, एक पाय जरा ओढत, पण फिरले, आणि खुर्ची फिरती नव्हती म्हणून स्वतःच फिरले. नुसता वस्तऱ्याचा आवाज, खर्र, खर्र. दोन नंबरनं मध्येच डोळे न उघडता सांगितलं, "दुकानात रेडिओ तुझ्या स्टेशनला लावलाय." दाजी म्हणाले, "हनुवटी हलवू नको."

दाढी झाली. दाजींनी टॉवेलनं गाल टिपले, दोन बोटांनी खरखर आहे का बघितलं, आणि मग त्यांचं लक्ष गेलं. चौपायी चार हात लांब होती. खाटेपलीकडे. आणि फॉर्मवाल्या बाई गळ्यातलं घड्याळ हातात धरून उभ्या होत्या, पहिल्यापासून. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. बावीस मिनिटं.

त्यांनी उभं राहण्याची फुली खोडली आणि तिथं खूण केली. दहा. मग दाढीच्या ओळीपाशी बराच वेळ थांबल्या, हिमसेल्फवर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. कॅनॉट शेव्ह हिमसेल्फ. कॅन शेव्ह एनीबडी एल्स. स्वतःची करता येत नाही, बाकी कुणाचीही करता येते. मास्तर म्हणाले, "छत्तीस वर्षं शिकवलं, हे वाक्य मला सुचलं नसतं." आणि मग मला म्हणाले, "रंगवा." रंगवलं. दुकानात टांगलंय आता, आरशाच्या वरच्या कडेला. पुसायला मी चढतो, खुर्चीवर नाही, शिडीवर.

मानलं आपण. फॉर्मला मानलं, बाईंना मानलं, वस्तऱ्याला मानलं.

शनिवारी दाजी घरी आले. रविवारी सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो, म्हटलं हा नवा माणूस बघू तरी, आपला आपण उठणारा, बिल्ला लावलेला. तर टेबलाशी दाजी बसलेले. शर्ट उघडा, हात मांडीवर. समोर चहाची किटली, कप रिकामा. ताई समोर उभी, हात पाठीमागं, तळहात एकमेकांत घट्ट. दोघंही हलत नव्हती. मी म्हटलं, "काय दाजी, कॅन यू ड्रेस युवरसेल्फ?"

"येस, आय कॅन," दाजी म्हणाले.

"मग?"

"कॅन आहे हो मेव्हणे. मस्ट कुठं आहे?"

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "फॉर्मवर रविवारचं काही लिहिलंय का रे?" मी म्हटलं नाही. आणि तिचे हात असे सुटले पाठीमागून, जसे बांधून ठेवलेले, टक, टक, टक, सहाही बटणं. कॉलर. चहा ओतला, बशी सरकवली. दाजींनी दुकानातल्या खुर्चीत बसल्यासारखी मान वर केली, डोळे मिटले.

मी किटलीकडे बघत होतो. ताई म्हणाली, "आणि तू काय बघतोस, कार्ट्या? तुझा कप तिकडं आहे."

मग काय करणार? उठलो. कप घेतला, धुतला, आणि माझा चहा माझा मी ओतून घेतला. मायसेल्फ. अकरा वर्षं ओततोय, एकदाही कुणी खूण केली नाही.